साठ किलोच्या आत

आमच्या घराच्या पायरीवर बसून माणसं जेवढी कबड्डी खेळली, तेवढी समोरच्या मैदानावर कुणी खेळलं नसेल. माझे वडील सोडले तर त्यांतल्या एकाच्याही अंगाला कधी माती लागली नव्हती. पण तोंडानं रोज सामना. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

माधवनगरात मिलच्या चाळीतलं शेवटचं घर आमचं, आणि समोरच मंडळाचं मैदान. मिल तेव्हा आचके देत होती. आज चालू, उद्या बंद. कामावर न गेलेली माणसं सकाळी आमच्या पायरीवर येऊन टेकायची आणि बाहेरून हाक यायची, "पोरी, चार कप टाक गं." चार म्हणजे सहा, हे मला कळायचं. साखर आमची, दूध आमचं, अक्कल तेवढी त्यांची. मी तेव्हा कॉलेज संपवून घरीच होते, लग्न ठरायची वाट बघत, त्यामुळं ही सगळी वटवट माझ्या कानावरून जायची. चुलीपाशी बसलं तरी ऐकू येई.

वाद एकच. मंडळाचे आजवरचे सर्वांत थोर सात गडी कोण? कबड्डीला सात गडी लागतात, म्हणून सात. हे सात ठरवण्यात त्या माणसांची हयात गेली. मिलमधला एक मुकादम होता, त्याचा शब्द मोठा. त्याच्या मते, एका चढाईत पाच जणांना बाद करून आलेला मंडळाचा तो उंच गडी सगळ्यांत थोर. दुसरा एक औषधाच्या दुकानात कामाला होता, त्याला चाळीतली पोरं गोळीवाला म्हणायची. त्याला तो उंच गडी मान्य नव्हता. "त्यो साधा गडी, त्याचं काय मोडलंय?" म्हणायचा. कारण या लोकांच्या हिशेबात थोर कोण, तर ज्याचं काहीतरी मोडलं तो. एकाचा खांदा निखळला आणि तो तसाच खेळला, घ्या त्याला सातात. एकाचा बाप घरात मरून पडला होता आणि तो आधी उपांत्य सामना खेळून मग खांदा द्यायला आला, घ्या त्याला. त्या माणसाच्या आईला काय वाटलं असेल, हे कुणी विचारलं नाही. मेलेल्यांच्या आणि मोडलेल्यांच्या बाजूनं बोलायला लय सोपं असतं.

सहा जागांवर भांडण होतं. सातव्या जागेवर कधीच नव्हतं. डावा कोपरा म्हणजे आमचे आबा. माझे वडील. चढाईला आलेल्या गड्याचा घोटा आबांच्या हातात सापडला की तो परत गेला नाही, ही कथा मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले. कवलापूरच्या एका पोराचा पाय त्यांनी असा धरला होता की तो जन्माचा लंगडा झाला. ही गोष्ट पायरीवर हसत सांगायचे. आबा दाराच्या आत खुर्ची टाकून बसलेले असायचे. फार बोलायचे नाहीत. वाद फारच पेटला की मुकादम आत बघून विचारायचा, "आबा, तुमी सांगा." आबा दोन शब्द बोलायचे आणि वाद तिथं मिटायचा.

माझा धाकटा भाऊ तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. चढाई करायचा. पायानं हलका, डोळ्यानं तेज. त्याला नोकरी नको होती, पोरगी नको होती, काही नको होतं. त्याला फक्त पायरीनं त्याचं नाव घ्यायला हवं होतं. हे तो मला सरळ बोलून दाखवायचा. "आक्का, आबांच्या नावानंतर माझं नाव आलं पायजे बघ." आणि पायरी काय म्हणायची? त्यानं मैदानावर तिघांना बाद करून यावं आणि पायरीनं म्हणावं, "बरं हाय. पण आबांचं पोर म्हटल्यावर एवढं व्हायलाच पायजे." येता-जाता टोमणे. "घारीच्या पोटी कोंबडं आलंय रं." तो हसायचा. मला मात्र अंगाची लाही व्हायची.

त्या साली मंडळाच्या अध्यक्षांनी नवा प्रशिक्षक आणला. अध्यक्षांचं सिमेंटचं दुकान होतं, त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की आता शिकलेला प्रशिक्षक लागतो. आलेला माणूस खंडाळ्याचा, वय जेमतेम पंचवीस, खेळाच्या शिक्षणाचं प्रमाणपत्र घेऊन आलेला. पायरीनं त्याला बघितलं आणि त्याच दिवशी निकाल दिला. "आवं, ह्याला मिसरूड फुटली का बघा आधी." कुठल्या स्पर्धेत खेळला, कुणाला पाडला, कुणाचं काय मोडलं? तो म्हणाला, जिल्ह्याकडनं दोन वर्षं खेळलो, मग शिकायला गेलो. मुकादम म्हणाला, "बाप दाखव, न्हाईतर श्राद्ध कर. मेडल दाखव." त्यानं दाखवलं नाही. नुसता हसला आणि मैदानात जाऊन पोरांना पळवायला लागला.

पोरं त्याला सर म्हणायची, पायरी त्याला केळीवाला म्हणायची. कारण सरावानंतर तो प्रत्येकाला केळं द्यायचा आणि सरावाच्या मधे दर थोड्या वेळानं पाणी प्यायला लावायचा. पाणी! पायरीला हे सहनच होईना. "आमच्या वेळेला सरावात पाणी मागितलं तर मुस्काटात बसायची." "ही पोरं गडी व्हायची का बाळंतीण?" मैदानावर पोरांनी तांब्या तोंडाला लावला की पायरीवरून सगळे मिळून ओरडायचे, "प्या, बाळांनो, प्या!" सर ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. मी एकदा त्याला विचारलं, सर, तुम्हाला राग येत नाही का? तो म्हणाला, "ताई, माझ्या गावातबी अशी पायरी हाय."

आता इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडच्या स्पर्धा वजनी गटाच्या असतात. साठ किलोच्या आतला गट असेल तर सकाळी काट्यावर उभं राहायचं, काटा साठला टेकला तर खेळायचं, वर गेला तर घरी. मग वजन कमी करायचं. पोट रिकामं ठेवायचं, पाणी तोडायचं, घोंगडी गुंडाळून पळायचं, थुंकत राहायचं. ह्याला वाळणं म्हणतात. पापड वाळावा तसा गडी वाळवतात. आणि आमच्या मंडळाची रीत होती ती गुऱ्हाळावर वाळवायची. उसाच्या रसाची काहील ज्या चुलवाणावर उकळते, त्याच्या तोंडाशी घोंगडी पांघरून गड्याला बसवायचं. सातांतला प्रत्येक गडी तिथं वाळला होता. आबा चार किलो वाळले होते, ही तर आरतीसारखी पाठ झालेली गोष्ट.

सांगलीत मोठी स्पर्धा होती. साठ किलोचा गट आणि खुला गट. धाकटा साठच्या वर गेला होता, अडीच किलोनं. सरानं त्याला सरळ सांगितलं, "तू यंदा खुल्या गटात राखीव बस. पुढच्या वर्षी अंग भरलं की तुझ्यासारखा चढाईवाला जिल्ह्यात न्हाई. पण वाळायचं न्हाई. माझ्या पोरातलं एकबी वाळणार न्हाई." अध्यक्षांनाही सांगितलं. अध्यक्ष बरं म्हणाले.

राखीव! पायरीला तर लाडूच मिळाला. "डाव्या कोपऱ्याचं पोरगं बाकावर बसणार, केळी सोलायला." "केळीवाल्यानं पोरगं दत्तक घेतलं रं." धाकटा मैदानावरून घरात येताना हे सगळं पायरीवरच ऐकून आत यायचा, कारण घराला दुसरं दार नव्हतं. दोन दिवस तो नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आई त्याला वाढत होती आणि आबा समोर बसले होते. आबा ताटातून मान वर न करता म्हणाले, "बापाला चार किलो जमलं. तुला अडीच जमंना व्हय?"

एवढंच. धाकट्यानं ताट पुढं सरकवलं आणि उठला. आई म्हणाली, "आवं, काय बोलताय पोराला!" आबा जेवत राहिले.

स्पर्धेआधीचे दोन दिवस सरावाला न जाता तो आबांच्या आणि मुकादमाच्या बरोबर गुऱ्हाळावर गेला. गुऱ्हाळ मुकादमाच्या मेव्हण्याचं, गावाबाहेर उसाच्या फडात. सराला सांगितलं, पोरगं आजोळी गेलंय. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला आबांची भाकरी घेऊन धाडलं, म्हणून मी ते बघितलं. नसतं बघितलं तर बरं झालं असतं. चुलवाणाच्या तोंडाशी घोंगडीचं एक गाठोडं बसलं होतं, ते माझा भाऊ होता. तोंड लाल, ओठांना पांढरी पापडी. शेजारी काहिलीत रस उकळत होता, गुऱ्हाळभर गोड वास. गूळ करणारा गुळव्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ताज्या रसाचे पेले देत होता, मलाही दिला. मुकादमानं दोन पेले रिचवले आणि मिशा पुसत धाकट्याला म्हणाला, "काय गड्या, प्यायचा का?" आणि हसला. धाकटा पेल्याकडं बघत राहिला. मी माझा पेला त्याच्याकडं नेला तर आबा ओरडले, "मागं हो! दोन दिवसाचं मातीत घालशील." मी तो रस तिथंच फेकला. मला प्यावं असं वाटलंच नाही.

गोळीवाल्यानं दुकानातून लघवीची गोळी आणून दिली होती. ती घेतली की अंगात उरलंसुरलं पाणीही निघून जातं. ती खेळणाऱ्यासाठी नसते, सूज आलेल्या आजाऱ्यासाठी असते, हे मला पुढं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. गोळीवाल्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

वजनाच्या सकाळी अजून थोडं जास्त भरत होतं, म्हणून मुकादमानं न्हावी बोलावून धाकट्याचं डोकं तासून घेतलं. केसांचं वजन ते किती असणार! पण आई त्याला बघून किंचाळली. आमच्यात बाप गेल्यावर मुलगा डोकं भादरतो. "बाप जिता असताना गोटा केलास व्हय रं माझ्या राजा!" आबा हसले. म्हणाले, "केस वाढत्यात, येडे."

स्पर्धेच्या मैदानावर धान्य तोलायचा काटा ठेवला होता. धाकटा लंगोटावर चढला. काटा साठच्या किंचित आत थांबला. पायरीवाल्यांनी त्याला खांद्यावर घेतलं. मुकादम नाचत होता. "डाव्या कोपऱ्याचं रक्त हाय!" मी आणि आई बायकांच्या बाजूला उभ्या होतो आणि मी धाकट्याचं तोंड बघितलं. पापडी धरलेल्या ओठांनी तो इतका हसत होता की ओठ फुटून रक्त आलं. त्याला वाटलं, झालं, आपलं नाव आलं.

मग त्याला लिंबूपाणी दिलं. ते सगळं ओकला. पुन्हा दिलं, पुन्हा ओकला. तेवढ्यात खुल्या गटाच्या मैदानावरून सर धावत आला. कुणीतरी पोरानं सांगितलं असणार. त्यानं धाकट्याची जीभ बघितली, मनगट धरलं, हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत ओढून सोडली. ती वर उचललेली तशीच राहिली. सर अध्यक्षांना म्हणाला, "हा उतरणार न्हाई. ह्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

अध्यक्षांनी आबांकडं बघितलं. सगळ्यांनी आबांकडंच बघितलं. आबा पुढं आले आणि शंभर माणसांत सराला म्हणाले, "तू कोण रं? दुधाचं दात पडलं का तुझं? पोरगं माझं हाय."

"तुमचंच हाय, आबा," सर म्हणाला. "म्हणून तर तुमाला सांगतोय. मी हात जोडतो."

खरंच त्यानं हात जोडले. लोक हसले. "केळीवाला रडतोय बघा!" असं कुणीतरी ओरडलं. मग अध्यक्ष खाकरले आणि म्हणाले, "मास्तर, तुमी जरा बाजूला बसा. हा सामना आबा बघतील."

धाकट्याला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तो काय सांगणार होता? त्याचा बाप त्याचा प्रशिक्षक होऊन रेषेपाशी उभा होता, सगळी पायरी त्याच्या नावानं ओरडत होती. त्यानं जन्मभर मागितलं ते हेच.

पहिलीच चढाई त्याची. मध्यरेषा ओलांडून तो पलीकडं गेला. घशातून आवाज फुटेना. पंचानं एकदा टोकलं. तो डाव्या बाजूला झेपावला, वळला, आणि उभ्या जागी गुडघ्यावर आला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. समोरची पोरं पकडायला आलेली ती मागं सरली. त्यांना कळलं. आमच्यांना कळलं नाही. "नाटक करतोय! ऊठ की रं!" पायरीवाले बोंबलले. धाकटा मातीत आडवा झाला आणि हातांनी सरपटायला लागला, मध्यरेषेकडं. रेषेला हात लागला तर चढाईवाला वाचतो. आबा रेषेवर वाकून ओरडत होते, "हात लाव! हात लाव रेषेला!" आई माझा दंड धरून कुजबुजत होती, उचला त्याला, आवं उचला की. रेषा दोन वितींवर होती आणि त्याचा हात थांबला. पलीकडच्या संघातल्या एका पोरानं खाली बसून त्याचं डोकं मांडीवर घेतलं. दम तुटला म्हणून पंचानं शिट्टी वाजवली आणि हात वर केला. बाद. त्यांना एक गुण.

मैदानात पहिला धावला तो सर. आबा नाहीत. आबा पंचाशी भांडत होते, की कुणी पकडलं नाही तर बाद कसा.

मिरजेच्या दवाखान्यात धाकटा महिनाभर होता. लघवी बंद झाली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचेल, पण मूत्रपिंडं जळाली आहेत, पूर्वीसारखी होणार नाहीत. रोज संध्याकाळी सर सायकलीवरून यायचा, आईला जेवायला पाठवून स्वतः उशाशी बसायचा. पायरीवरचं एक माणूस आलं नाही. म्हणायचे, "दवाखान्याचा वास सोसत न्हाई." गुऱ्हाळावरचा सोसत होता.

तोवर पायरीवर चौकशी झाली. चौकशी कसली, गुन्हेगार कोण ते आधीच ठरलं होतं. ज्याच्या हाताखाली पोरगं होतं त्यानं लक्ष ठेवायला नको का? शिकलेला म्हणवतो, त्याला पोरं सांभाळता येईनात? नाचता येईना, अंगण वाकडं. अध्यक्षांनी सराला आमच्याच पायरीवर बोलावून सांगितलं की मंडळाला आता त्यांची गरज नाही. सरानं दाराच्या आत बघितलं.

"आबा, मी जातो. फक्त एवढं सांगा सगळ्यांच्या देखत. पोराला गुऱ्हाळावर कोण घेऊन गेलं?"

मुकादम आभाळाकडं बघायला लागला. आबा म्हणाले, "मला काय म्हाईत."

मी चहा घेऊन दारात उभी होते. मी म्हणाले, "आबा, तुमीच नेलं. भाकरी मी आणून दिली तुमाला तिथं." आबा उठले आणि मला कानाखाली मारली. कपबशा पायरीवर फुटल्या. थोड्या वेळानं मुकादम म्हणाला, "जाऊ द्या आबा, लेकीच्या जातीला खेळातलं काय कळतंय," आणि सगळ्यांना बरं वाटलं. सरानं खाली वाकून फुटक्या कपाचे तुकडे गोळा केले, माझ्या हातातल्या ताटात ठेवले आणि निघून गेला. संध्याकाळच्या गाडीनं तो खंडाळ्याला गेला म्हणतात. पुन्हा आला नाही.

धाकटा घरी आला. तोंड सुजलेलं, रंग हळदीसारखा, डोक्यावर नुकते कुठं काळे खुंट. बाहेरच्या खोलीत दाराजवळ त्याचं अंथरूण होतं, कारण दुसरीकडं जागा नव्हती. पायरी तिथून चार हातांवर. मी आईला म्हटलं, ह्यांना आता तरी हाकला. आई म्हणाली, मी कोण हाकलणार? दोन-चार दिवस ते आले नाहीत. मग आले.

आणि एका संध्याकाळी तो वाद निघाला. गोळीवाल्यानंच काढला. "काय बी म्हणा, पोरानं अडीच किलो वाळवलं दोन दिसात. आबांच्या खालोखाल. त्याला सातात धरायला पायजे का न्हाई?" मुकादम म्हणाला, "जीव टाकला गड्यानं मैदानात. मोडला की न्हाई? मग?" धाकटा अंथरुणावर उठून बसला. भिंतीला टेकून, मान दाराकडं करून. मी त्याच्याकडं बघितलं आणि मनात म्हटलं, देवा, खोटं का असेना, एकदा म्हणू दे ह्यांना.

मुकादम आत वळून म्हणाला, "आबा, तुमी सांगा."

आबांनी विचार केला. खरंच केला, मनापासून. मग म्हणाले, "रेषेला हात लागला न्हाई त्याचा. बाद झालेला गडी कसा धरायचा?"

"व्हय, ते बी खरं," मुकादम म्हणाला. आणि ते त्या उंच चढाईवाल्याकडं वळले, त्यानं पाच जणांना बाद केलं की चौघांना.

धाकटा पुन्हा आडवा झाला. मग म्हणाला, "आक्का, आजचं किती उरलंय?"

डॉक्टरांनी त्याला पाणी मापून द्यायला सांगितलं होतं. दिवसाला ठरलेलं तेवढंच, चहा-आमटी धरून. जास्त झालं की अंगावर सूज चढायची. हे जन्मभराचं होतं. मी भांड्यात बघितलं. "अर्धा कप हाय. रात्रीच्या गोळ्यांना ठेवायचंय."

"ऱ्हाऊ दे मग," तो म्हणाला.

बाहेर बोलून बोलून आबांचा घसा सुकला असावा. त्यांनी आईला हाक मारून पाणी मागितलं. आईनं तांब्या भरून नेऊन दिला. आबा घटाघटा पाणी प्यायले ते आम्ही दोघांनी ऐकलं.